कोणाच्याच कपाळावर नसलेली पट्टी

शप्पथ सांगते, याला मी चिमूटभरही मीठमसाला लावलेला नाही.

आणि ही भर दुपारची गोष्ट आहे. भुतांना टाइमटेबल नसतं!

माझी आत्या भूल देणारी डॉक्टर. माझी हिरॉईनच. आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा भूल तिनेच दिली.

आबा एक नंबरचे घाबरट. "पोरी, मधेच जाग आली तर?"

"तुम्हाला जाग आली तर मी डॉक्टरकी सोडून म्हशी राखीन!"

ऑपरेशननंतर ती हसत बाहेर आली. "ढाराढूर झोपले होते."

पण आबा पुन्हा बोललेच नाहीत. नुसते आत्याकडे टक लावून बघायचे. आठवड्याभरात गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही.

नंतर एका सुट्टीत आत्याने मला तिचं ऑपरेशन थिएटर दाखवलं. रिकामं. थंडगार. मी तर हवेत होते, मलाही भूलतज्ज्ञ व्हायचं होतं ना!

तिने एक मशीन चालू केलं.

"याची पट्टी कपाळाला लावायची. मेंदू किती जागा आहे ते कळतं. टक्क जागा म्हणजे शंभर, गाढ झोप म्हणजे पन्नासच्या आसपास. म्हाताऱ्यांना अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलं की भुलीचं औषध कमी लागतं. जास्त झालं तर जिवाला धोका. फारच कमी पडलं तर..."

"जाग येते? मग ओरडतील की!"

"अंग सैल पडायचं औषध दिलेलं असतं. बोटही हलत नाही."

पट्टी ट्रेमध्ये पडली होती. कोणालाच लावलेली नव्हती.

तरी स्क्रीनवर आकडा आला...

पन्नास.

"आत्या, हा कोणाचा?"

"बिघडलंय गं."

साठ... सत्तर...

मशीन टुंग टुंग करायला लागलं. आणि टेबलावरून श्वास ऐकू आला... झोपलेल्या माणसाचा नाही. घाबरलेल्या माणसाचा.

टेबल रिकामं होतं.

नव्वद...

आत्याने न बघताच मशीनचा आवाज बंद केला. टेबलाच्या उशाशी वाकली आणि पुटपुटली...

"आबा, पट्टीच चुकतेय हो. तुम्ही झोपलेलेच आहात."

मी एक पाऊल मागे सरले. भुतामुळे नाही.

"आत्या... त्या दिवशीही आकडा चढला होता?"

आत्या ट्रेमधली पट्टी गुंडाळायला लागली.

"तू औषध वाढवलं नाहीस?"

"त्यांचं हृदय नाजूक होतं. मला वाटलं, मशीनच..." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुझ्या बाबांना सांगू नकोस हं."

तिने प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली.

श्वास थांबला नाही...

मी धूम पळाले.

तो श्वास कसला होता, मला आजही माहीत नाही. आत्याचा फोन आला की मी उचलत नाही. "शिष्ट झालीये कार्टी," बाबा म्हणतात.

काल आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली.

भूल कोण देणार, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाबा आत्ता शेजारच्या खोलीत आत्याशीच फोनवर बोलताहेत. हसताहेत. मी दाराशी उभी आहे.