भेंडीशेजारी बोंबील

धसईच्या आठवडी बाजारात मनस्वीची जागा ठरलेली होती. चिंचेखाली, अगदी रस्त्याच्या तोंडाशी. मुरबाडहून आलेल्या एसटीतून उतरणाऱ्या माणसाची पहिली नजर तिच्या भेंडीवरच पडायची, आणि नजर नाही पडली तरी आवाज कानावर पडायचाच. "कवळी कवळी भेंडी, सकाळची तोडलेली!" अशी हाक ती द्यायची की पलीकडच्या चहावाल्याचा हात हलून चहा बशीत सांडावा. मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती, नोकरीसाठी इकडेतिकडे अर्जही करून झाले होते. पण थंडीच्या दिवसांत बाबांच्या शेतातली भेंडी आणि वालाच्या शेंगा विकण्यात ती जेवढी रमायची, तेवढी दुसऱ्या कशातच नाही.

त्या दिवशी तिनं पाटी मांडली, भेंडीवर पाणी शिंपडलं आणि मान वर करते तो... धप्प! शेजारी एक भलंमोठं गोणपाट येऊन आदळलं. तोंड सुटलं आणि आतून सुक्या बोंबलांचा वास असा काही उसळला की मनस्वीनं ओढणीच नाकाला लावली.

"ओ! ओ सुकटवाले! हे काय चाललंय?"

गोणपाटाच्या मागून एक चेहरा वर आला. उन्हानं रापलेला, दाट भुवयांचा, आणि चांगलाच गोंधळलेला.

"दुकान... लावतोय."

"इथं? माझ्या भेंडीला बोंबलाचा वास लागंल त्याचं काय?"

त्यानं भेंडीकडे पाहिलं, बोंबलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मंग बरंच आहे की. गिऱ्हाईकाला एका पिशवीत कालवण तयार."

मनस्वीला हसायचं नव्हतं. पण ओढणीआडून फुस्सकन आवाज आलाच.

चौकशी केली तेव्हा कळलं, हा बाईजामावशीचा भाचा. बाईजामावशी म्हणजे समुद्रकाठच्या शिरवे गावची कोळीण. वर्षानुवर्षं ती सुकी मासळी घेऊन धसईला यायची. बाजारात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. सध्या तिचे गुडघे धरले होते म्हणून भाच्याला पाठवलं होतं. त्याचं नाव प्रज्वल. एरवी तो वडिलांबरोबर बोटीवर जायचा. मासे धरायची सवय, विकायची नाही. ते दिसतच होतं.

थोड्या वेळानं त्यानं पिशवीतून एक कापडी फलक काढला आणि चिंचेच्या फांदीला बांधला. लाल अक्षरांत लिहिलं होतं — 'आमच्या दर्यात तेलविहीर नको!'

"समुद्रात विहीर?" मनस्वीनं भुवया उडवल्या. "तिथं काय पाण्याची टंचाई आहे?"

"तेलाची विहीर. एक कंपनी येतेय. आमच्या किनाऱ्यासमोरच भोक पाडणार... म्हणजे ड्रिलिंग. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. लोकांच्या सह्या गोळा करतोय. म्हणजे... करायच्या आहेत."

"मंग करा की."

त्यानं घसा साफ केला. समोरून चाललेल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, जरा... ते समुद्रात..." म्हातारा पुढे निघून गेला. मग एका बाईला म्हणाला, "ताई, एक विनंती..." ती म्हणाली, "नको, घरात सुकट आहे." तिसऱ्यानं तर तोंडावरच सांगितलं, "अरे बाबा, इथं कुठं समुद्र? इथं माळशेज घाट!"

प्रज्वल ओशाळून खाली बसला. मनस्वी बघत होती. एवढा मोठा गडी, लाटांशी झुंजणारा, आणि धसईच्या बाजारात त्याचा आवाज चिमणीएवढा! तिला राहवेना. ती उठली, पदर... नव्हे, ओढणी खोचली, आणि तिनं आपली नेहमीची हाक दिली.

"ये धोंडीमावशे! भाताच्या आवणीला बाया आल्या की भाकरीवर काय देतेस गो?"

वैशाखरे गावची धोंडीबाई थबकली. "काय देणार? कांदा आन् सुकट!"

"ती सुकटच आली नाय तर?"

"आली नाय म्हंजे? कुठं मेली?"

"हा गडी सांगतो बघ, कुठं मेली ती. ये इकडं!"

बाजारात हशा पिकला. धोंडीबाई आली, तिच्यामागून चारजणी आल्या, मग त्या कशाला जमल्यात ते बघायला पुरुष आले. प्रज्वल सांगायला लागला. अडखळत, पण सांगायला लागला. आणि मनस्वीच्या एक गोष्ट लक्षात आली — हा माणूस वाढवून सांगत नव्हता. कोणीतरी विचारलं, "तेल निघालं की सगळी मासळी मरते का रे?" तर तो म्हणाला, "ते मी छातीठोक नाय सांगू शकत. पण मागं पाहणीची जहाजं आली होती, तेव्हा आमच्या बोटी काठावर बांधून ठेवायला लावल्या. जिथं विहीर होईल तिथं जाळं टाकायला बंदी. आणि तेल सांडलं तर किनाऱ्यावर बोंबील वाळवायला जागा नाय. एवढं मला माहीत आहे."

सह्या झाल्या, अंगठे उमटले. बोंबीलही संपले. गोणपाट घडी करताना तो म्हणाला, "तुमचा आवाज... फार मोठा आहे."

"ही तारीफ आहे का तक्रार?"

"तारीफ," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग दर बाजारी तो येऊ लागला. बाईजामावशीचे गुडघे आता बरे असतील असं मनस्वीला वाटायचं. पण तिनं ते विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. माळशेजकडून वारा सुटला की तो मुकाट्यानं आपलं गोणपाट तिच्या पाटीच्या दुसऱ्या अंगाला ओढून न्यायचा, वास तिच्याकडे जाऊ नये म्हणून. चहा घेण्याआधी लिंबाच्या फोडीनं हात चोळचोळून धुवायचा. मनस्वी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हे सगळं टिपायची आणि उगाचच भेंड्यांची रास पुन्हा पुन्हा लावत बसायची.

"समुद्र असतो कसा वो?" तिनं एकदा विचारलं.

"तुमी बघितलाच नाय?"

"कॉलेजची सहल गेली होती अलिबागला. तेव्हाच मला ताप आला."

तो विचारात पडला. "कसा सांगू... तुमचं भात तयार झालं, की वाऱ्यानं शेत कसं हलतं? एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत?"

"हां."

"तसा. फक्त... बांधच नाय."

मनस्वी गप्प झाली. तिला गप्प झालेलं धसईच्या बाजारानं पहिल्यांदाच पाहिलं.

अर्थात बाजाराला डोळे असतात आणि तोंडही. कोंडूची पोर सुकटवाल्यासाठी ओरडते, ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. आई, काशी, चुलीपुढून म्हणाली, "शेणवे गावचं स्थळ आलंय. मुलगा भिवंडीला कामाला आहे. आपल्यातलाच आहे. आणि त्या दर्यावरच्या माणसाशी जास्त बोलू नको गो, लोक बोलतात." बाबा, कोंडू, उठून बाहेर गेले. ते बिडी ओढत अंगणात बसून राहिले.

पुढच्या बाजारी मनस्वी चिंचेखाली बसली होती. एसटी आली. धुरळा खाली बसला. उतरली ती बाईजामावशी, गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू.

"प्रज्वल?" मनस्वीच्या तोंडून निघूनच गेलं.

मावशीनं टोपली टेकवली. "मीच त्याला येऊ नको म्हटलं. तुझं लग्न ठरतंय असं कानावर आलं, पोरी. आमच्यापायी तुझ्या नावाला बट्टा नको. तोही म्हणाला, बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणाला?"

"हो. मंग दोन दिवस जेवला नाय, ती गोष्ट वेगळी."

मनस्वीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग. "तुमी ठरवलं, त्यानं ठरवलं, घरच्यांनी ठरवलं... मला कुणी विचारलं का?"

बाईजामावशी तिच्याकडे बघत राहिली. मग गालातल्या गालात हसली. "परवाच्या दिवशी सुनावणी आहे शिरव्याला. तिथं कुणालाबी बोलता येतं. विचारायची वाट बघावी लागत नाय."

त्या संध्याकाळी मनस्वीनं धोंडीबाईला गाठलं, धोंडीबाईनं आणखी सहा-सात बायका गाठल्या, आणि एक जीप ठरली. घरी कसं सांगायचं, हा प्रश्न होता. सुनावणीच्या दिवशी भल्या सकाळी ती चप्पल घालत होती, तर बाबा धुतलेला सदरा घालून अंगणात उभे.

"मीबी येतो," कोंडू म्हणाला. "एवढं वय झालं, समुद्र बघितला नाय. पुढं विहिरीच झाल्या तर बघायचं काय?"

जीपमध्ये बायका गाणी म्हणत होत्या. मागच्या कोपऱ्यात बाप-लेक शेजारी शेजारी. बराच वेळ गेल्यावर कोंडूनं हळूच विचारलं, "शेणव्याच्या पावण्यांना काय सांगू?"

मनस्वी बाहेर बघत म्हणाली, "सांगा, पोर समुद्र बघायला गेली."

कोंडूनं मान डोलावली.

शिरव्याच्या किनाऱ्यावर मांडव घातला होता. पुढं टेबलामागे अधिकारी, एका बाजूला कंपनीची इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, आणि समोर सगळा गाव. लाल-हिरव्या लुगड्यांतल्या कोळणी, बोटी हाकणारे तांडेल, शाळेतले मास्तर, पर्यटकांना घरी उतरवून घेणारे, शहाळी विकणारे. सुरूच्या झाडांतून वारा घुमत होता. प्रज्वल मांडवाच्या खांबापाशी उभा होता. धसईची जीप थांबली, मनस्वी उतरली, आणि त्याच्या हातातल्या कागदांचा गठ्ठा वाळूत पडला.

ती त्याच्यासमोरून गेली. "उचला," एवढंच म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. तिचा राग अजून गेला नव्हता ना!

एकेक जण बोलला. मग प्रज्वलनं उठून मुरबाड तालुक्यातल्या सह्या पुढे केल्या. कंपनीचा एक साहेब हसून म्हणाला, "मुरबाड? तिथून समुद्र किती लांब आहे! या लोकांचा इथं संबंध काय?"

प्रज्वलनं तोंड उघडलं... आणि शब्द निघेना.

"मी सांगते संबंध!"

माईक हातात यायच्या आधीच तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता. मनस्वी पुढे आली.

"साहेब, पावसाळ्यात आमच्याकडं भाजी नसते. दिवसभर चिखलात वाकून आवणी करायची आणि भाकरीवर यांची सुकट खायची. आमच्या आज्यापणज्यांनी तेच केलं. आमचा तांदूळ यांच्या घरात शिजतो, यांची मासळी आमच्या. तुमी म्हणता विहीर लांब समुद्रात आहे. पण आमच्या ताटात ती पहिल्यांदा दिसंल! आणि एवढं सांगते, आमच्या शिरव्याच्या माणसांना विचारल्याबिगर, आमच्या दर्यात कुणी भोक पाडायचं नाय!"

टाळ्या पडल्या. मग टाळ्यांतून कुठूनतरी हसू फुटलं. बाईजामावशी पुढच्या रांगेतून ओरडली, "आमच्या शिरव्याच्या? कधीपासून गो?"

सगळा मांडव खदखदून हसला. मनस्वीला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. चेहरा असा तापला की माईक कुणाच्या हातात दिला तेही तिला आठवेना. खांबापाशी प्रज्वल उभा होता. त्याचे कान पिकल्या मिरचीसारखे झाले होते आणि तोंडावर असं हसू होतं की त्याला ते कुठं ठेवावं तेच कळत नव्हतं.

उन्हं कलल्यावर अधिकारी उठले. मासेमारीच्या पट्ट्याचा अभ्यास अपुरा आहे, तो मच्छीमारांना सोबत घेऊन पुन्हा करावा लागेल, आणि तोवर प्रस्ताव पुढे जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ढोल वाजले, कोळणी नाचल्या, धोंडीबाईही नाचली. एक म्हातारा तांडेल मात्र मान हलवून म्हणाला, "आज गेले. उद्या पुन्हा येतील."

"येऊ देत," धोंडीबाई दम खात म्हणाली. "आमीबी येऊ. जीप ओळखीची आहे."

मनस्वी गर्दीतून निघून पाण्याकडे गेली. खरंच, बांध नव्हता. नजर जाईल तिथवर नुसतं हलतं पाणी, त्यावर उतरतीचं पिवळं ऊन. पावलांखालची वाळू लाटेबरोबर सरकली तशी ती दचकली, आणि कुणीतरी तिचा हात धरला.

"पडशील," प्रज्वल म्हणाला.

"पडले असते तर पडले असते. तुमाला काय? तुमी तर म्हणालात, बरोबर आहे."

"चूक होतं ते." त्यानं हात सोडला नाही. "मला वाटलं... तुझं चांगलं ठरत असेल, तर मी कशाला मधे... मला बोलता येत नाय, मनस्वी. तुला माहीत आहे."

"मला ऐकायचंय. कितीबी वेळ लागू दे."

एक लाट आली, गेली. दुसरी आली.

"तू आवडतेस," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी मी कोंबडा आरवायच्या आधी उठतो. बाकीचे दिवस... नुसते जातात."

मनस्वीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूला खाकरल्याचा आवाज आला. कोंडू उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, सदरा भिजलेला, लहान मुलासारखा खुशीत.

प्रज्वलनं हात झटकन सोडला. "काका, मी... म्हणजे आमी... तुमची परवानगी..."

"मला काय विचारतोस?" कोंडू म्हणाला. "एवढ्या लोकांपुढं ती 'आमचं शिरवं' म्हणाली. आता मी वेगळं काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाला, "काशी चिडंल. आठ दिवस माझ्याशी बोलणार नाय. मंग बोलंल. तू मात्र ये घरी. बाईजामावशीला घेऊन ये. रीतीनं बोलू."

"येतो," प्रज्वल म्हणाला. यावेळी तो अडखळला नाही.

वरून जीपवाल्यानं हॉर्न दिला. बायका हाका मारत होत्या, अंधार पडायच्या आत निघू म्हणत होत्या. कोंडू वाळूतून दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "मनस्वी, येतेस ना?"

मनस्वीनं प्रज्वलचा हात आता आपणहून धरला, सगळ्यांच्या देखत.

"येते बाबा," ती म्हणाली. आणि लाट पुन्हा पायांवर आली तेव्हा हळूच पुढे म्हणाली, "तुमी व्हा पुढं... धोंडीमावशीला म्हणावं, अजून एक गाणं म्हण, तोवर मी आलेच."