मंगळावरची लाखोरी

मंगळावर चिखल ही चैनीची गोष्ट होती, आणि त्या चैनीत घोट्यापर्यंत बुडून टेकराम कापगते सकाळपासून एका आकड्याला शिव्या घालत होता.

आकडा घुमटाच्या भिंतीवर ठळक झळकत होता: चार पूर्णांक आठ. त्याला म्हणत ‘ऊर्जाफेड’. पंप चालवायला, घुमट उबदार ठेवायला, खत बनवायला माणसानं एक घास ऊर्जा घातली, तर शेतानं धान्य आणि तणसातून, म्हणजे भाताच्या पेंढ्यातून, किती घास परत दिले, त्याचा हा हिशेब. सूर्याचं ऊन फुकटचं, ते यात धरत नसत. फेड पाचावर गेली की वसाहत स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. आणि त्या दिवसापासून पृथ्वीवरून यान येणं कायमचं बंद. ठरलंच होतं तसं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. एका यानाला लागणाऱ्या इंधनात तिकडे अख्ख्या जिल्ह्यात वर्षभर दिवे लागत.

नुसत्या भातानं फेड कधी दोनाच्या वर सरकली नव्हती. भातामागून भात घेतला की जमीन नत्र मागते, आणि नत्रखत बनवायला ऊर्जा पाण्यासारखी ओतावी लागते. म्हणून डॉ. वासंती बारलिंगे यांनी पिकांची फेरपालट लावली: भात, मग लाखोरीची डाळ, मग जवस. लाखोरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र आयतं जमिनीत आणून ठेवतात. त्यातही बाईंना हवा होता ‘उतेरा’, म्हणजे कापणीआधी उभ्या भाताच्या पायाशीच लाखोरी फेकायची. नांगरणी नाही, पाणी नाही, उरलेल्या ओलीवर दाणा उगवतो. भंडाऱ्याकडे हे घरोघरी चालतं, म्हणून टेकरामला इथं आणलं होतं. बायको कुंदा पुढच्या यानानं येणार होती.

आज बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“टेकरामभाऊ, यान सुटायला आठवडा आहे. आज फेकलीत तर लाखोरी त्याच्या आत उगवेल. ती उगवली की संगणक पुढच्या भाताचं खत हिशेबातून वजा करील आणि आकडा पाच ओलांडेल. मग ते यान सुटणारच नाही.”

“अन् मी थांबलो तं?”

“मी कुणाला काही बोलणार नाही.”

“मंग आठ दिवसानं पानी देऊन फेकता येते का?”

“भात पिकत आलाय. पाणी दिलं तर आडवा पडेल.”

टेकरामनं वाकून मूठभर माती दाबली. गोळा झाला, फुटला नाही. आजच फेकायची ओल होती. गेल्या खेपेला धान्य आणणारं यान अडकलं तेव्हा घुमटातली पोरं पातळ पेजेवर झोपली होती, तेही त्याला आठवलं.

“तुमीच सांगा बाई, का करू?”

“मला नका विचारू. माझं माणूस त्या यानात नाही.”

“थांबतो मी,” तो म्हणाला. बियाण्याची टोपली धुऱ्यावर ठेवून तो दारापर्यंत गेलासुद्धा. पण पेरणीजोगी ओल धरलेली भाताची बांधी तशीच सोडून जाणं त्याला कधी जमलं नव्हतं. स्वतःवरच चिडत तो परत फिरला. पहिली मूठ उडाली, मग दुसरी, आणि टोपली रिकामी होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

कोंब वर आले त्या सकाळी भिंतीवर पाच पूर्णांक तीन उमटलं. काय जल्लोष झाला म्हणता! भोंगे वाजले, लोक नाचत सुटले, पोरांना कोठारातला भात पहिल्यांदा पोटभर वाढला गेला. बारलिंगेबाई पांढऱ्या कोटासकट चिखलात उतरल्या. टेकरामला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि तोही हसला, अगदी मनापासून हसला. परक्या ग्रहावर माणसाचं पोट माणसाच्या शेतानं भरलं होतं, आणि ते शेत त्याचं होतं.

तेवढ्यात कुंदाचा निरोप आला. आकड्याची बातमी पृथ्वीवर पोचण्याआधी तिनं तो धाडला होता.

“आयका जी, सामान बांधून झालं. माहा इळा घेतला, कापनी मीच करन. अन् लाखोरी टायमावर फेका बरं! मी आल्यावर फेकू म्हनान अन् बसून राहान. ओल थांबत नाई.”

बाहेर अजून टाळ्या चालू होत्या. टेकरामनं उत्तराचं बटण दाबलं.

“फेकली, कुंदा,” तो म्हणाला. “टायमावर फेकली.”

ते यान आता सुटणार नाही, हे सांगायचं राहिलं होतं; बटण दाबूनच तो बसून राहिला.