दोन नंबरच्या टाकीतली मात्रा

"मासे मी मारले की नाही, एवढंच शोधून द्या," ती बाई म्हणाली. "मारले असतील तर तसं तोंडावर सांगा."

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांचे केस पिकले होते, पण असं मागणं घेऊन कोणी आलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण आपण धुतल्या तांदळासारखे असल्याचं आधी सांगून टाकायचा.

खिडकीपाशी त्यांचे धाकटे दीर वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करत होते. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे सहायक होते. म्हणजे छत्री सांभाळायचे आणि न चुकता चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

बाई मत्स्यालयात माशांची देखभाल करायची. तळहाताएवढं आणलेलं कासव तिनं वाढवून परातीएवढं केलं होतं, तेव्हापासून तिला सगळे कासवताई म्हणत.

"आमच्याकडे प्रत्येक टाकीवर औषधाची बाटली, पंप आणि टाइप करायची छोटी पाटी आहे," तिनं सांगितलं. "पाटीवर मात्रा टाइप केली की पंप तेवढे मिलिलिटर औषध पाण्यात सोडतो. दोन नंबरच्या टाकीत मी चार सोडले. पुन्हा बघायला गेले तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. भरलेली बाटली जवळजवळ रिकामी."

"कोणी काय म्हणतं?"

"साहेब म्हणतात, वय झालं. परत परत औषध टाकलंस आणि विसरलीस. राजीनामा टाइप करून ठेवलाय त्यांनी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा. शेवटी मलाच विचारायची, बाई तुम्ही कोण? नोकरी गेली तर जाऊ दे हो. पण माझं डोकं चालतंय की नाही, ते मला कळायला हवं."

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. भाऊजींनी उठून तिला पाणी दिलं.

मत्स्यालयाच्या मागच्या बाजूला ओल्या फरशा, निळे पाइप आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. साहेब म्हणजे व्यवस्थापक, नाकावर माशी बसू न देणारा गृहस्थ. दोन नंबरची टाकी रिकामी होती. तिच्या पाटीवरच्या नोंदींत त्या दिवशीची ओळ अजून दिसत होती: 4E2.

"ही काय भानगड?" भाऊजींनी विचारलं.

"चार मिलिलिटर, ई कपाट, दोन नंबरची टाकी," साहेब म्हणाले. "इथं प्रत्येकाला कपडे ठेवायला कपाट असतं, त्याचं अक्षर हीच त्याची सही. कागदावर लिहायचे तेव्हापासूनची सवय. सगळं एकमेकांना चिकटवून लिहितात. मशीन आलं तरी सुटली नाही."

"आणि मशीन बरोबर आहे?"

"मी स्वतः तपासलं. नुसतं 4 टाइप केलं, चारच आले. मशीनचा प्रोग्राम माझ्या जावयानं लिहिलाय!" हा शेवटचा पुरावा त्यांना सगळ्यात भक्कम वाटत असावा. "बाटली हातानंच ओतली गेली. मुद्दाम नाही म्हणत मी. पण हे बघा."

कासवताई ॲप्रन ठेवायला कपाटांकडे गेली होती. पहिल्या ओळीतल्या B कपाटाकडे तिचा हात गेला, थबकला, आणि मग ती खालच्या ओळीतल्या E कडे वळली.

"स्वतःचं कपाट आठवत नाही तिला," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. ते म्हणताना त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

वहिनी कपाटांपाशी गेल्या. B चं दार गंजून बिजागरीतून निखळलं होतं. "हे तुमचं होतं?"

"इतकी वर्षं हेच होतं. खाऱ्या हवेनं खाल्लं. गेल्या महिन्यात E दिलं. ते आमच्या जुन्या मुकादमाचं. ते निवृत्त झाल्यापासून बंदच होतं, मशीन यायच्याही आधीपासून."

दुसरा देखभाल करणारा बादल्या विसळत होता. त्याच्या देहयष्टीमुळे त्याला जाड्या म्हणत आणि त्याला ते चालत असे. भाऊजींनी वहिनींना कोपरानं खुणावलं, हाच तो.

"औषधांच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते?" वहिनींनी विचारलं.

"असते. आणि ताईंची जागा मला हवी आहे, हेही सांगून टाकतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पण मेलेल्या माशांवर पाय देऊन नको." त्यानं बादली पालथी घातली. "त्या दिवशी माझी सुट्टी होती. नंतर मी याच पाटीवर 4K2 टाइप करून बघितलं. K माझं कपाट. चारच आले. वाटलं होतं, मशीनच चुकलं असेल. असतं तर बरं झालं असतं."

"ताईंनी करून बघितलं?"

"त्यांना साहेबांनी तेव्हापासून पाटीला हात लावू दिलेला नाही."

जावईबापू वरच्या खोलीत संगणकापुढे बसले होते. सासऱ्यांच्या कचेरीत काम करणारा जावई जितका अवघडलेला असेल तितके अवघडलेले.

"टाइप केलेल्या ओळीतून मात्रेचा आकडा वेगळा कसा काढता?" वहिनींनी विचारलं.

"त्यासाठी मी काहीच लिहिलेलं नाही. मजकुरातून दशांश संख्या वाचायची सोय प्रोग्रामिंगच्या भाषेतच तयार मिळते. जगभर हीच वापरतात. डावीकडून जेवढं संख्येत बसतं तेवढं ती वाचते आणि जिथं बसत नाही तिथं थांबते. म्हणून तर यांची जुनी सवय तशीच चालू देता आली. पुढची अक्षरं आपोआप गळतात."

वहिनींनी मान डोलावली. बाहेर भाऊजी मोठ्या टाकीसमोर उभे राहून आपल्या जुन्या फोनशी झगडत होते. टाकीजवळच्या माहितीफलकावरून तिच्यात पाणी किती ते वाचून थेंब किती होतील याचा हिशेब त्यांनी मांडला होता.

"वहिनी, फोन बिघडला. मी थेंब विचारले तर म्हणतो 1E10. हे काय उत्तर झालं?"

वहिनींनी फोन हातात घेतला आणि त्या जागच्या जागी थांबल्या. मग कासवताईकडे जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कपाट बदलल्यापासून कुठल्या टाक्यांत औषध सोडलंत?"

"शून्य नंबरच्या टाकीत बरेचदा. आजारी माशांची वेगळी टाकी आहे ती. तिथं कधी काही झालं नाही. एक नंबरच्या टाकीत एकदा, तिथंही चारच. तिथले मासे मलूल पडले होते, मग सावरले. आणि मग ही दोन नंबरची."

"म्हणजे वाढत चाललंय," भाऊजी पुटपुटले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

"अगदी पायरीपायरीनं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना इथं बोलवा. आणि त्या बाटलीत औषधाऐवजी साधं पाणी भरा."

सगळे दोन नंबरच्या टाकीपाशी जमले. पंपाच्या नळीखाली भाऊजी मोजपात्र धरून उभे राहिले.

"साहेब, तुम्ही मशीन तपासलंत, पण अक्षर न घालता," वहिनी म्हणाल्या. "यांनी तपासलं ते K घालून. ज्या ओळीनंतर मासे मेले ती ओळ पुन्हा कोणी टाइपच केली नाही. ताई, आधी तुमच्या जुन्या कपाटाचं अक्षर घाला."

कासवताईनं टाइप केलं: 4B2. पंप क्षणभर गुरगुरला. मोजपात्राचा तळ जेमतेम ओला झाला.

"आता त्या दिवशी केलं होतं तस्सं."

तिनं एकेक कळ जपून दाबली: 4E2. पंप सुरू झाला आणि थांबेचना. पाणी चढत गेलं, भाऊजींना दुसरा हात लावावा लागला. अखेर पंप थांबला तेव्हा मोजपात्रात चारशे मिलिलिटर पाणी होतं.

जावईबापूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "घात..." ते म्हणाले. "दहाचा घात."

"आम्हाला समजेल असं बोला," साहेब कडाडले.

"मी सांगते. भाऊजींना फोननं दिलेलं उत्तर बरोबर होतं. फार मोठी संख्या मावत नाही तेव्हा अशी लिहितात. E च्या पुढचा आकडा म्हणजे किती शून्यं जोडायची ते. फोननं एकावर दहा शून्यं सांगितली. K, B ही अक्षरं संख्येत बसत नाहीत, म्हणून वाचणारा तिथं थांबतो. E बसतं. त्यामुळे तो पुढे गेला आणि टाकीचा नंबर त्यानं शून्यांची संख्या समजून वाचला. दोन नंबरच्या टाकीत चारावर दोन शून्यं. एक नंबरच्या टाकीत एक, म्हणजे चाळीस, म्हणून मासे मलूल होऊन निभावले. शून्य नंबरच्या टाकीत एकही नाही, म्हणून तिथं सगळं सुरळीत. हातानं ओतलं असतं किंवा विसरून परत टाकलं असतं, तर त्यात असा नेमकेपणा आला नसता. विसरणारं माणूस टाकीच्या नंबराप्रमाणे विसरत नाही."

"पण इतकी वर्षं..." जाड्या म्हणाला.

"इतकी वर्षं ताई B होत्या. E कपाट मशीन यायच्या आधीच बंद पडलेलं. साहेब, मघाशी त्यांचा हात B कडे गेला तो जुन्या सवयीनं. तुम्हाला तो विसराळूपणाचा पुरावा वाटला. मला त्यातून कपाट बदलल्याचं कळलं."

"आकडा वाचणारी सोय चुकली नाही," जावईबापू सावकाश बोलले. "ती E वाचते हे मला माहीत होतं. तशी एखादी ओळ इथं कोणी लिहील, हे मनातच आलं नाही. चूक माझी आहे." सासऱ्यांकडे न बघता ते कासवताईसमोर उभे राहिले. "आजच दुरुस्त करतो. ताई, मला माफ करा."

साहेबांनी टाइप केलेला राजीनामा खिशातून काढला आणि फाडला. मग घसा साफ करून म्हणाले, "झालं ते झालं, ताई. आता विसरून जा सगळं."

कासवताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"विसरून जाऊ? साहेब, मासे मेले तेव्हापासून रोज अंथरुणावर पडल्यावर मी नावं म्हणते. माझी मुलं, नातवंडं, वर्गातल्या मैत्रिणी, शेजारीपाजारी. सकाळी उठल्यावर परत म्हणून बघते. एखादं गळलं की अंगाला घाम फुटतो."

ती भाऊजींच्या हातातल्या पाण्याकडे बघत राहिली.

"आज काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "आज नुसती झोपणार."