उशिराच्या दंडाची वही

पाळणाघराच्या संचालिकेने फोनवर सांगितलं ते एवढंच: सहानंतर मुलं न्यायला येणाऱ्या पालकांच्या दंडाची वही चोरीला गेलीय, महिनाअखेर आलीय, आणि दंड वसूल झाला नाही तर जागेचं भाडं निघत नाही.

गुप्तहेर मॅडम संध्याकाळी सहाला पोचल्या. मागोमाग सहायक. तो दारात जरा रेंगाळला. त्याची मुलगी याच पाळणाघरात होती आणि वहीत त्याची हजेरी चांगली होती.

"टेबलाचा खण. कुलूप नाही," संचालिका म्हणाली. "चिल्लरीचा डबा शेजारीच होता. त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"वहीत नावं कुणाची?"

"मुख्यतः दोघांची. दातांचे डॉक्टर आणि..." तिने सहायकाकडे पाहिलं. सहायकाने तान्ह्यांच्या खोलीच्या दारावरची पाटी वाचायला घेतली. 'पालकांना आत प्रवेश नाही.' वाचायला फार वेळ लागला नाही.

साडेसहाला दातांचे डॉक्टर लेकाला न्यायला आले. "मी कशाला चोरीन? दंड भरला की सातपर्यंत निवांत. या भावात शहरात तासभर सायकलसुद्धा कोणी सांभाळत नाही."

मॅडम सहायकाकडे वळल्या. "दंड लागण्याआधी तुम्ही किती वाजता यायचात?"

"सहा-दहा. धापा टाकत."

"आणि आता?"

"पावणेसात." तो थांबला. "चहा घेऊन."

मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा फोन तेवढ्यात दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यांनी तो कापला. कुणाचा, म्हणून मॅडमनी विचारलं. "शेजारच्या काकू. माझी मुलगी त्यांच्याकडे असते. सहानंतर त्या जादा पैसे घेतात."

"ताईंना काय विचारता?" संचालिका म्हणाली. "दंडातला अर्धा हिस्सा त्यांचा. वही गेली तर त्यांचंच नुकसान."

मॅडम तान्ह्यांच्या खोलीत गेल्या आणि दोन मिनिटांत एका पाळण्यातल्या गादीखालून वही घेऊन आल्या.

"पैसे सोडून वही नेली, म्हणजे चोराला पैसा नको होता, दंड बंद व्हायला हवा होता. पालकांना तो परवडतो, नव्हे, आवडतो. संचालिकाबाईंचं भाडं त्यावर. राहिलं कोण? ज्यांचा हिस्सा काकूंकडे जातो, आणि तासही जातो. शिवाय त्या खोलीत पालक जाऊच शकत नाहीत."

ताईंनी नाकारलं नाही. "आधी हे लोक माफी मागत धावत यायचे. मी साडेसहाला घरी. पैसे द्यायला लागले आणि लाज गेली. माझी मुलगी आता रोज झोपलेलीच हातात मिळते." मग संचालिकेला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नको, असंच ना?"

संचालिकेने वही हातात घेतली. "या पगारात दुसरं कोण येणार? आणि पगार मीच ठरवलाय. पण दंड काढला तर भाडं कुठून देऊ?"

"फी वाढवा," सहायक म्हणाला.

"पालक मुलं काढून नेतील."

"मी नाही नेणार."

दातांच्या डॉक्टरांनी लेकाच्या बुटाची नाडी बराच वेळ बांधली. मग होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सहायक घामाघूम होऊन पोचला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई पर्स खांद्याला लावून दारातच उभ्या होत्या. सवयीने त्याचा हात दंडासाठी खिशाकडे गेला आणि दंड आता नाही हे आठवून तिथेच राहिला.

"माफ करा, ताई."

ताईंनी मुलीचं दप्तर त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या आधी रस्त्याला लागल्या.