वीज बंद, तरी चटका

"वीज तर मी बंद केली होती. मग हे पांढरं कसं झालं?"

ऋजुता डोळे फाडून बशीकडे बघत होती. बशीत अंड्यातला पातळ पांढरा बलक होता आणि त्यातून एक लाल दोरा गेला होता. दोऱ्याजवळचं काही न शिजवता बाजूचा एक ठिपका तेवढा विजेच्या चिमट्याने शिजवायचा, असं आजोबांनी सांगितलं होतं. ठिपका झकास शिजला. मग वीज बंद करून तिने चिमटा दोऱ्याला नुसता टेकवला, तर तिथेही घट्ट झालं.

हा खेळ नव्हता. उद्या सुनेत्राआत्याच्या गळ्यातली गाठ काढताना डॉक्टर अशाच चिमट्याने रक्तवाहिन्या शेकून बंद करणार होते. गाठीला खेटून आवाजाची नस (स्वरतंतू हलवणारा मज्जातंतू) जाते. ती भाजली, तर आत्याचं गाणं संपलं. आणि चिमटे बनवणारे आजोबा आत्याचे वडील.

"इस्त्री बंद केल्यावरही एखादा रुमाल होतोच ना?" आजोबा म्हणाले. "चिमट्याच्या दोन टोकांमधलं मांस विजेने तापतं, आणि त्याच्या संगतीने टोकंही तापतात. वीज थांबली तरी टोकं लगेच गार होत नाहीत."

"मग डॉक्टरांना कळणार कसं?"

आजोबांनी नवा चिमटा काढला. त्याच्या टोकाशी दोन वेगळ्या धातूंच्या, केसाएवढ्या तारा जोडल्या होत्या. हे थर्मोकपल (तापमान विजेच्या रूपात सांगणारा जोड). जोड तापला आणि तारांची दुसरी टोकं गार राहिली, की इवलासा विद्युतदाब तयार होतो. फरक जितका जास्त, तितका दाब जास्त. चिमट्याला जोडलेलं यंत्र तो मोजून अंश बोलून सांगतं.

ऋजुताने नव्या चिमट्याने पुन्हा ठिपका शिजवला, वीज बंद केली आणि चिमटा दोऱ्याकडे नेला.

"सत्त्याऐंशी अंश. थांबा," चिमटा बोलला.

तिने टोक ओल्या कापसावर धरलं.

"अडतीस. चला."

दोऱ्याजवळचा बलक पातळच राहिला. ऋजुताने आनंदाने उडीच मारली.

"तुझ्याकडूनच का करून घेतलं? घाई करणारा हात हवा होता," आजोबा हसले. उद्या डॉक्टर हाच चिमटा वापरणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऑपरेशननंतर, आत्याने डोळे उघडले. आजोबा खाटेशी उभेच होते.

"ऋजू, बाबांना बसव गं. केव्हाचे उभे आहेत." आवाज बारीक होता, पण आत्याचाच होता.

आजोबा मटकन बसले. ऋजुताला मात्र आता दम निघत नव्हता. "आजोबा, चिमट्याला स्वतःच्या टोकाचं तापमान कळतं. पण शेजारच्या नसेचं कसं कळेल?"

"ते मला नाही जमलं," आजोबा म्हणाले.

"तिला जमेल," आत्या पुटपुटली. "तोवर मी रियाज करते."