मुंगीचा यंत्रमानव

मी वजनकाटे दुरुस्त करतो. जे काट्यावर दिसत नाही ते मी मनाला लावून घेत नाही. निदान तेव्हा तरी घेत नव्हतो.

यंत्रमानव आमच्या मुलीला हवा होता. गोडाला सदा चिकटलेली, म्हणून तिचं नाव मुंगी. सिनेमातला तो चंदेरी यंत्रमानव घरीच बनवायचा असा हट्ट तिने धरला आणि मीही हौसेने कामाला लागलो. डोकं रंगाच्या रिकाम्या डब्याचं, डोळे बाटल्यांच्या झाकणांचे, तोंडाला गाळणी, छाती म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. हातपाय वॉशिंग मशीनच्या जुन्या पाइपाचे. उंची तिच्या खांद्याइतकी, कारण तिला त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा होता.

सांधे बायकोने शिवले. ती शाळेचे गणवेश शिवते. वाढत्या अंगासाठी जादा कापड आत दुमडून ठेवायची तिची सवय; शिवणकामात त्याला माया म्हणतात. यंत्रमानवाच्या कोपरा-गुडघ्यांच्या चंदेरी कापडातही तिने सवयीने भरपूर माया सोडली.

"अगं, हा काय पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जाणार आहे?" मी म्हणालो.

मुंगी हसून हसून लोळली. हसता हसता तिला ठसका लागला.

खोकला तेव्हाच सुरू झाला, असं बायको म्हणते. ऋतू बदलतोय, होईल बरा, असं सगळेच म्हणाले. मग ताप चढला. दवाखान्यात नेलं तोवर छाती भरून आली होती. मुंगी घरी परत आली नाही.

यंत्रमानवाचा डावा हात लावायचा राहिला होता. तो आम्ही दोघांनी नंतर लावला. घरात करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"अहो, याच्या गुडघ्याची दुमड सुटलीय," एके दिवशी बायको म्हणाली.

"दोरा कच्चा असेल."

"दोरा माझा आहे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. टाका एकही तुटला नव्हता. आत दुमडलेलं कापड तेवढं बाहेर आलं होतं आणि त्याखालचा पाइप लांबला होता. जुना पाइप, उकाड्याने सैल पडला असेल, असं मी म्हणालो. मग कोपरांचीही दुमड सुटली. डब्याचं डोकं मागच्या भिंतीवरल्या फळीखाली मावत होतं, ते आता तिला टेकू लागलं. बायको घरी नसताना मी त्याला दुकानात नेऊन मोठ्या काट्यावर उभं केलं. डबा, पुठ्ठा आणि पाइपांच्या मानाने काटा फारच पुढे गेला. प्रमाणित वजनं ठेवून मी काटा तपासला. काटा बरोबर होता. बायकोला मी काही सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. दाराच्या चौकटीवर मुंगीची उंची आम्ही पेन्सिलीने मांडायचो. बायको यंत्रमानवाला तिथे उभं करून खुणा बघताना मला दिसली. ती गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता, जेवण अंगी लागत होतं. मला भीती वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्हींची लाज वाटली. यंत्रमानव मोडून टाकायचं माझ्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

सगळ्यात वरची खूण आजारपणाच्या थोडीच आधीची. तो तिथवर पोचला तेव्हा सांध्यांमधली माया संपली होती.

त्या संध्याकाळी बायकोने हाक मारली. "अहो, हात लावून बघा. हिला ताप आहे."

पत्र्याचं कपाळ चांगलंच तापलं होतं. खोलीत ऊन नव्हतं, जवळ दिवा नव्हता. मी ओलं फडकं ठेवलं. ते बघता बघता सुकलं.

"पत्रा आहे तो," मी म्हणालो. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"या वेळी थांबायचं नाही." तिने चपला घातल्याही होत्या.

मी त्याला उचललं, एक हात गुडघ्यांखाली घालून. वजन ओळखीचं होतं.

डॉक्टर तेच होते. त्यांनी यंत्रमानवाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, असू द्या, समजतो मी. "झोपवा इथे," ते मायेने म्हणाले. तिच्या समाधानासाठी त्यांनी स्टेथोस्कोप पुठ्ठ्याच्या छातीवर टेकवला.

मग तो दुसऱ्या बाजूला सरकवला.

मग यंत्रमानवाला कुशीवर वळवून पाठीला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

स्टेथोस्कोप काढला तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

"खोकला कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.