चौदा जुलैच्या आठ पुड्या

'इतिहास कधीही नष्ट होत नाही,' असं डॉ. रावसाहेब मायदेव होमिओपॅथी संग्रहाच्या लाकडी फलकावर कोरलेलं आहे. सध्या तो फलक कपाटाच्या तुटक्या पायाखाली होता.

त्या कपाटातल्या वह्या लावायचं काम मे महिन्याच्या सुट्टीत तिघांच्या गळ्यात पडलं होतं: आठवीतली स्वराली, वारज्याहून राहायला आलेला तिचा आतेभाऊ आमोद आणि शेजारची संस्कृती. संस्कृती पाचवीत होती आणि कायम सर्दीत.

रविवारी संग्रहाचं उद्घाटन होतं. डॉक्टरांच्या कन्या शालनआजी पानशेतच्या पुरातली वही उघडून चौदा जुलै १९६१चं पान वाचणार होत्या. त्या दिवशी त्यांचा तान्हा भाऊ अनंत मरता मरता वाचला होता.

"बाबांच्या गोळ्यांनी वाचला!" आजी सांगत. "पूरग्रस्तांबरोबर शाळेत राहत होतो. मी आठ वर्षांची. बाळाला मांडीवर घेऊन बाबा लिहीत होते, ते दिसतंय मला अजून. पण दुसऱ्याच्या आजाराचं वाचायचं नाही, ही बाबांची शिस्त. म्हणून कधी वही उघडली नाही. आता एकदाच वाचायचंय."

स्वरालीनं वही उघडली. तेरा जुलै. पुढे एकदम एकोणीस.

"चौदा कुठंय?"

"कसर!" सचिव केदारकाका खुर्चीतूनच म्हणाले. "जुन्या वहीला कसर लागणारच. लिहून टाका, कालौघात नष्ट!"

आमोदनं कडेवरून बोट फिरवलं. "काका, ही कसर फूटपट्टी लावून खाते!"

"फार बोलतोस तू!" म्हणून काका चहाला गेले. अवघड प्रश्न आला की त्यांना चहा लागत असे.

दारात शालनआजी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग निघून गेल्या. मुलांना ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तेवढ्यात संस्कृती शिंकली. शेजारच्याच खोलीत संस्थेचा मोफत दवाखाना होता. तिथली पुडी तिनं खिशातून काढली, जिभेवर रिकामी केली आणि किंचाळली, "ताई! कागदावर शाई आहे!"

निळ्या शाईत लिहिलं होतं, '१४ जुलै'.

तिघं दवाखान्यात धावली. भाग्यश्रीबाई शांतपणे पुड्या बांधत होत्या.

"बाई, हे कागद कुठले?"

"वहीचे. नव्या कागदाला वास येतो, वर्तमानपत्राला शाई. औषध बिघडतं. पुडीला जुना, मुरलेला कागदच हवा! केदारसाहेबांनीच पानं कापून दिली. म्हणाले, मागून कोरीच आहेत. एका पानाच्या आठ होतात."

"चौदा तारखेच्या आठ कुणाला दिल्या?"

"दोन हिला. पाच गानूसाहेबांना. एक मंडईतल्या कौशल्याबाईंना."

बाकीची चार पानं कधीच कुणाकुणाच्या केरात गेली होती.

संस्कृतीची दुसरी पुडी घरी उशीखाली सापडली. निवृत्त हेडक्लार्क गानूंनी दार फटीएवढं उघडलं.

"बेल एकदा वाजवायची असते. तीनदा वाजली."

"आजोबा, रिकाम्या पुड्या टाकून दिल्यात का हो?"

"टाकून? मी?" गानूंनी फाईल आणली. रिकाम्या पुड्या तारीखवार टाचून ठेवलेल्या! अख्ख्या संस्थेत जपणूक जमणारा हा एकच माणूस, आणि तो पेशंट होता.

सात तुकडे जुळवले. 'अनंत. वय सात महिने. ताप १०४. डोळे फिरवतो. औषध दिलं.'

"वा!" केदारकाका खूश झाले. "इथेच छान संपतंय! फ्रेममध्ये शोभेल. आठवा मिळालाच, तर आधी माझ्याकडे आणायचा."

मंडईत कौशल्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली. "खोकला आपसूक गेला की रं पोरांनो! पुडी तशीच ऱ्हायली."

तिघांनी तुकडा वाचला. स्वरालीनं तो पुन्हा एकदा वाचला.

"आजींना दाखवायचं?" आमोदनं विचारलं. "साठ वर्षं त्या सगळ्यांना सांगतायत..."

"त्यांच्या बाबांचं पान आहे," संस्कृती नाक ओढत म्हणाली. "आपलं नाही."

फाटकात केदारकाका हात पसरून उभे होते. "मिळाला?" संस्कृतीनं आजच आणलेली आपल्या औषधाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती न उघडताच खिशात टाकली. संग्रहातलं काहीच त्यांनी कधी उघडून वाचलं नव्हतं. आठवा तुकडा तिच्या कंपासपेटीत होता.

रविवारी शालनआजींनी भिंग धरून वाचलं, "...'औषध दिलं.'" केदारकाकांनी टाळी वाजवायला सुरुवात केली. आजींनी हात वर केला आणि संस्कृतीनं दिलेला आठवा तुकडा पुढे ओढला.

"'उतार नाही. माझ्याच्याने होणार नाही. मोठ्या इस्पितळात नेला. इंजेक्शन दिलं. वाचला.'"

आजींनी भिंग खाली ठेवलं.

"रात्री मी झोपले होते. सकाळी पाहिलं, तर बाबांचे पाय फाटलेले होते," आजी हळूच म्हणाल्या. "पूल वाहून गेलेले, सगळा चिखल. मला वाटायचं, औषधं आणायला गेले होते."

"हे पान जरा... संस्थेच्या दृष्टीनं..." काका कुजबुजले.

"हेच पहिलं लावा! हरलो हे त्यांनी स्वतः लिहिलंय, अहो. झाकणारे तुम्ही कोण?" आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "शाबास रे! तुम्ही नसतात, तर माझे वडील पुड्यांतून वाटले गेले असते."

पान काचेत लागलं. फलक भिंतीवर लागला, त्यामुळे कपाट कललं.

पुढच्या महिन्याभरात संग्रहाच्या दारात चार जण आले. त्यांतले तिघं सर्दीचं औषध मागत होते.